धाकटीचा निकाल

धाकटीला प्रयोगशाळेत थोरलीनेच आणलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे ती हे इतक्या वेळा ऐकवायची की ऐकणाऱ्याचे कान किटायचे. दिराचं लग्न झालं, नवी जाऊ घरात आली, चांगली शिकलेली निघाली, नुसती घरात बसून काय करणार म्हणून थोरलीने सरांकडे शब्द टाकला. शब्द टाकताना मनात हिशेब असा होता की हाताखाली घरचं माणूस असलेलं बरं. ट्यूबा धुवेल, जंतूंच्या खाण्याच्या प्लेटा ओतेल, सांगू ते ऐकेल. धाकटी आली, तिने ट्यूबा धुतल्या, प्लेटा ओतल्या, सांगितलेलं ऐकलं, आणि जे यायला थोरलीचे केस पिकायला लागले होते ते वर्ष सरायच्या आत शिकून मोकळी झाली. उपकार करण्याआधी समोरच्याची अक्कल किती आहे ते बघून घ्यावं, हे शहाणपण थोरलीला उशिरा सुचलं.

प्रयोगशाळा हॉस्पिटलच्याच आवारात, मागच्या इमारतीत होती. लांबट खोली, मधोमध ओटे, एका भिंतीला फ्रीझर, दुसऱ्या भिंतीला जंतूंना ऊब देणारं कपाट, आणि सगळीकडे उकडलेल्या खाद्याचा वास. काम न्यूमोनियाच्या जंतूंचं. माणसाचं फुप्फुस पोखरणारा हा जंतू प्लेटवर मात्र जावयासारखा नाजूक. त्याला रक्त घातलेलं खाणं लागतं, अंगाइतकी ऊब लागते, आणि रोजच्या रोज ताज्या खाण्यावर हलवावं लागतं. एक दिवस विसरलात तर हा पठ्ठ्या आपला आपणच विरघळून मरतो.

प्रयोग सांगायला सोपा होता. ओळीने ट्यूबा मांडायच्या, प्रत्येकीत खाणं, आणि प्रत्येकीत आधीच्या ट्यूबच्या दुप्पट अँटिबायोटिक. मग जंतू सोडायचे. दुसऱ्या दिवशी बघायचं, कुठवरच्या ट्यूबा गढूळ झाल्यात. गढूळ म्हणजे जंतू जगले, स्वच्छ म्हणजे मेले. जी शेवटची गढूळ ट्यूब असेल तिच्यातला थेंब घेऊन तोच नव्या ओळीत सोडायचा. म्हणजे जो विष पचवून उरला त्याचीच पुढची पिढी. असं रोज करत गेलं की जंतू हळूहळू निर्ढावतात, आणि कोणतं औषध त्यांना किती लवकर निर्ढावतं ते कळतं.

सरांनी जुनं औषध थोरलीकडे दिलं, नवं धाकटीकडे, आणि त्याच दमात सांगितलं की खात्यात एक कायमची जागा निघते आहे, बघू कोणाचं काम उजवं ठरतं. सर काही दुष्ट नव्हते. दोन माणसं एकमेकांना पाण्यात बघायला लागली की काम दुप्पट होतं, एवढं त्यांना अनुभवाने माहीत होतं. आणि या दोघी तर जावा; म्हणजे अर्धं काम आयतंच झालेलं.

थोरलीला ती जागा हवी होती असं म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला काठ हवा होता असं म्हणण्यासारखं आहे. तिची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची, आणि दरवर्षी ती होईपर्यंत तिच्या तोंडाला कोरड पडायची. नवऱ्याची मूत्रपिंडं अधू झाली होती, त्यापायी त्याची नोकरी गेली होती. कायमच्या नोकरांच्या घरच्यांना हॉस्पिटलात सगळे उपचार मिळत, हंगामी नोकरांच्या घरच्यांनी बाहेरच्या रांगेत उभं राहायचं. धाकटीला काय? तिचा नवरा धट्टाकट्टा, कमावता. तिने हौस म्हणून नोकरी करावी आणि हौस म्हणून जागाही मिळवावी, हे थोरलीला गिळवेना. मग तिने जे केलं ते तिने स्वतःला कधी पाप म्हणून सांगितलं नाही. ती त्याला तोल सांभाळणं म्हणायची.

नवं औषध एकदा पाण्यात विरघळवलं की उबेला टिकत नाही. नासतं, म्हणजे नुसतं पाणीच उरतं. म्हणून धाकटी ते एकदम बनवून छोट्या कुप्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवायची आणि रोज एक कुपी काढायची. थोरली संध्याकाळी सगळ्यांत शेवटी निघायची. निघताना ती कुप्यांची पेटी फ्रीझरमधून काढून जंतूंच्या कपाटाच्या गरम माथ्यावर ठेवायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन परत जागच्या जागी. बस्स, एवढंच. औषध मेलं की धाकटीच्या सगळ्या ट्यूबा गढूळ होणार, हिला वाटणार जंतू निर्ढावले, ही सरांना सांगणार, सर औषध तपासून बघणार, औषधात दम नाही असं निघणार, आणि हिची अक्कल चव्हाट्यावर येणार. केसाने गळा कापायचा तो असा.

ठरल्याप्रमाणे धाकटीच्या ट्यूबा गढूळ व्हायला लागल्या. आज एक जास्त, उद्या आणखी एक. थोरलीच्या जुन्या औषधाचे जंतू रखडत चालले होते आणि धाकटीचे उड्या मारत निघाले होते. थोरली मनातल्या मनात हसत होती. पण एक गोष्ट जुळेना. औषध जिवंत आहे की नाही हे बघायला प्रयोगशाळेत एक जुना, कशानेही मरणारा जंतू ठेवलेला असतो. तिथे सगळे त्याला ‘गरीब बिचारा’ म्हणत. त्याच्यावर रोज औषध टाकून बघायचं, तो मेला तर औषध चांगलं. धाकटीच्या नासलेल्या औषधाने तो मरायला नको होता. आणि धाकटी तर रोज सांगत होती की गरीब बिचारा वेळेवर मेला.

चोराला सगळे चोर दिसतात. थोरलीने पटकन ठरवलं की धाकटी तपासतच नाही, तोंडाला येईल ते ठोकून देते. मनातून तिला हायसंच वाटलं. आपण जराशी लबाडी केली खरी, पण ही तर आपल्याहून बिलंदर निघाली.

पण सरांनी काही औषध तपासलं नाही. ते खूश झाले. जंतू इतक्या झपाट्याने निर्ढावलेले त्यांनी पाहिले नव्हते, आणि ज्याने नाव होतं तसा निकाल हातात आलेला असताना त्याचे दात मोजत बसणारे सर विरळा. त्यांनी हॉस्पिटलात जाऊन व्याख्यान दिलं की हे नवं औषध न्यूमोनियात एकटं वापरू नका, सुरुवातीला गुण येतो, मग जंतू उलटतात. टाळ्या झाल्या. कायमची जागा धाकटीला मिळाली. थोरलीला सगळं माहीत होतं आणि तिला काहीच बोलता येत नव्हतं. औषध मेलेलं होतं म्हणावं, तर तुला कसं कळलं, हा पुढचा प्रश्न. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिने तोंडात मिठाची गुळणी धरली आणि घरी जाऊन धाकटीचं तोंड भरून अभिनंदन केलं. तिचा नवरा तर इतका आनंदला की म्हणाला, आता घरात एक कायमची आणि एक हंगामी अशा दोन शास्त्रज्ञ, मला मरायची चोरी.

मग तो खोकायला लागला.

आधी नुसता खोकला, मग ताप, मग श्वासाला धाप. दिराने त्याला उचलूनच हॉस्पिटलात नेलं, आणि धाकटीच्या ओळखीने लगेच खाट मिळाली. हेही थोरलीला लागलं. छातीच्या फोटोत एक फुप्फुस पांढरं दिसत होतं. थुंकी तपासायला मागच्या इमारतीत गेली आणि न्यूमोनियाचे जंतू निघाले. नेहमीच्या औषधांना ते दाद देत नव्हते. उरली दोन औषधं. एक सुईतून द्यायचं जबरदस्त औषध, जे जंतूंचा हमखास निकाल लावतं पण मूत्रपिंडांवर भारी पडतं. आणि दुसरं ते नवं औषध, ज्याने मूत्रपिंडांना धक्का लागत नाही आणि ज्याने थुंकीतले जंतू त्या घटकेला तरी मरत होते.

वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण पोक्त होत्या. त्यांनी दोघी जावांना खाटेपासून जरा बाजूला, खिडकीशी बोलावलं. म्हणाल्या, तुम्ही दोघी त्याच प्रयोगशाळेतल्या, माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत. नवं औषध दिलं तर मूत्रपिंडं वाचतील, पण तुमच्याच सरांनी सांगितलंय की ते मध्येच उलटतं. सुई दिली तर जंतू मरतील, मूत्रपिंडांचं मात्र मी वचन देत नाही. काय करायचं?

धाकटी म्हणाली की नवं नको. सुई द्या, मूत्रपिंडांकडे डोळ्यांत तेल घालून बघा, वेळ पडली तर रक्त गाळणाऱ्या यंत्रावर घ्या. पण नवं नको, ते उलटणार.

थोरलीच्या डोक्यात विजेसारखं एकच चमकलं. नवं औषध चांगलं आहे. या आवारात हे फक्त तिला एकटीला माहीत होतं. धाकटीचे जंतू कधी निर्ढावलेच नव्हते. ते नुसत्या पाण्यात पोहत होते. आणि त्या खोट्या निकालापायी आपल्या नवऱ्याची उरलीसुरली मूत्रपिंडं जाळायला ही बाई निघाली आहे.

“नवंच द्या,” थोरली म्हणाली. “तो निकाल खोटा आहे.”

डॉक्टरीणबाईंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

“खोटा कसा, जाऊबाई?” तिने विचारलं.

“आहे खोटा. मला माहीत आहे.”

“कसा खोटा, ते सांगा ना. डॉक्टरांनाही कळू दे.”

 सांगायला थोरलीला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यामागोमाग नोकरी गेली असती, आणि नवरा बरा होऊन घरी आल्यावर त्याला खायला काय घालायचं होतं? शिवाय सांगायचं कशाला? न सांगताही काम होत होतं. बायको ती होती. सही तिची लागणार होती.

“प्रयोगातलं मला बारा वर्षांचं कळतं,” ती म्हणाली, “तुला दोन वर्षांचं.”

“भाऊजींच्या जिवाचा प्रश्न आहे,” धाकटी हळू आवाजात म्हणाली. “म्हणून शेवटचं विचारते. खोटा कसा?”

थोरलीने तोंड फिरवलं आणि डॉक्टरीणबाईंकडे कागद मागितला.

नवं औषध सुरू झालं आणि काय सांगावं, दुसऱ्याच दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला, वर्तमानपत्र मागितलं, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला स्वतःच्याच खोकल्याची नक्कल करून दाखवली. थोरलीला वॉर्डात स्वर्ग दोन बोटं उरला. ती धाकटीशी इतकी गोड वागायला लागली की धाकट्या दिराला वाटलं, संकटाने घर एक झालं. तिने धाकटीला एकदा ऐकवलंही, की बघ, वाचलेलं निराळं आणि पचलेलं निराळं.  धाकटी रोज येऊन भाऊजींच्या कपाळाला हात लावून बघायची आणि जायची. तिचं ते कपाळाला हात लावून बघणंही थोरलीला खुपायचं; वाटायचं, ही ताप यायची वाट बघते आहे.

ताप आला. दुपारी जेवणाचं ताट समोर असताना त्याला हुडहुडी भरली आणि चमचा ताटात वाजायला लागला. संध्याकाळपर्यंत दुसरं फुप्फुसही पांढरं झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी धावपळ करून सुई सुरू केली, पण एव्हाना जंतू रक्तात उतरले होते, आणि मूत्रपिंडांनी तर पहिल्याच सुईला हात टेकले. यंत्रावर घेतलं. मग श्वासाच्या नळीवर घेतलं. नळी घालण्याआधी तो थोरलीला म्हणाला की चांगला बरा झालो होतो गं, मध्येच काय झालं? तिने सांगितलं की काही नाही, होईल बरं. त्यानंतर त्याला बोलता आलं नाही, आणि तो गेला तेव्हा ती नळी बघत होती की चेहरा, हे तिला नंतर आठवेना.

घरी माणसं आली नि गेली. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. धाकटीने स्वयंपाकघर सांभाळलं, आल्यागेल्याचं केलं, थोरलीला न्हाऊ घातलं, बळेच चार घास भरवले. थोरलीला त्या हातांचा राग राग आला, पण घास गिळले. तिने स्वतःची समजूत घातली होती की नवऱ्याचं अंगच मुळात पोखरलेलं, त्याला औषध तरी काय करणार. माणसाला जगायला काहीतरी थाप लागतेच, आणि तिची थाप वाईट नव्हती.

ती कामावर परतली तेव्हा सरांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, फार वाईट झालं म्हणाले. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. मग घसा खाकरून म्हणाले की तुमच्या मिस्टरांच्या थुंकीतले पहिल्या दिवसाचे जंतू आपल्याकडे आहेत, आणि शेवटचेही आहेत. एकाच माणसातले, औषधाआधीचे आणि औषधानंतरचे. अशी जोडी सहसा हाती लागत नाही. दुसऱ्या कोणाला दिलं तर हेळसांड होईल. तुम्ही कराल?

नेमणूक नव्याने व्हायचे दिवस जवळ आले होते. थोरली हो म्हणाली.

तिने दोन लाल प्लेटा घेतल्या. एकीवर त्याचे पहिल्या दिवसाचे जंतू पसरले, दुसरीवर शेवटचे. दोन्हींच्या मधोमध नव्या औषधात भिजवलेली कागदाची एकेक चकती ठेवली, आणि त्यांना कपाटात ऊब द्यायला ठेवलं. हात सवयीने चालत होते. नवऱ्याला मारणाऱ्यांना आपण जेवायला घालतो आहोत, असं मध्येच मनात आलं, तेव्हा तिने झाकण नीट बसलं की नाही ते पुन्हा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने प्लेटा उजेडात धरल्या. पहिल्या प्लेटवर चकतीभोवती रुंद, स्वच्छ वर्तुळ होतं. तिथे एकही जंतू वाढला नव्हता. दुसऱ्या प्लेटवर वर्तुळच नव्हतं. जंतू चकतीला भिडले होते, तिच्या कडेखालीही घुसले होते, जणू तिथे औषध नव्हतंच. तिने गरीब बिचारा तशाच चकतीवर तपासून ठेवला होता; तो मुकाट मेला होता. औषध जिवंत होतं. जंतू निर्ढावले होते. धाकटीने सांगितलं होतं अगदी तसे, तेवढ्याच झपाट्याने.

प्लेटा ओतायच्या छोट्या खोलीत धाकटी एकटीच होती. थोरलीने दार लोटलं आणि दोन्ही प्लेटा तिच्यासमोर ओट्यावर ठेवल्या. धाकटीने त्या पाहिल्या. फार वेळ लागला नाही तिला.

“तुझं औषध तर नासलेलं होतं,” थोरली म्हणाली. 

“कुप्यांतलं नासलं होतं. सकाळी फ्रीझर उघडला तर कुप्या दगडासारख्या घट्ट हव्यात, तर त्या पातळ. पहिल्याच दिवशी कळलं मला, कोणीतरी त्या बाहेर ठेवतंय. कोण, ते कळायलाही फार अक्कल लागली नाही.” धाकटी रक्त घातलेलं खाणं प्लेटेत ओतत होती, ते तिने थांबवलं नाही. “त्या दिवसापासून मी रोज पावडरीतून ताजं बनवलं. कुप्यांत साधं पाणी भरून ठेवलं. तुम्ही महिनाभर पाण्याला ऊब देत होता, जाऊबाई.”

“सरांना का नाही सांगितलंस?”

“तुमची नोकरी गेली असती. भाऊजींना कोण बघणार होतं?”

थोरलीने दुसरी प्लेट तिच्यापुढे सरकवली. “आणि हॉस्पिटलात? तिथे का नाही बोललीस? एक शब्द बोलली असतीस तर...”

“तीनदा विचारलं मी तुम्हाला. खोटा कसा म्हणून. डॉक्टरांसमोर विचारलं.” धाकटीने प्लेटवर झाकण ठेवलं आणि पहिल्यांदा वर बघितलं. तिचे डोळे रडून सुजलेले होते, आणि तरी त्यांत दया नव्हती. “तुम्ही म्हणाला असता की कुप्या मी बाहेर ठेवल्या, तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं की ते औषध मी वापरलंच नाही. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. मला वाटलं, नवऱ्यासाठी तरी बोलाल.”

“आणि नाही बोलले तर तो मेला तरी चालेल?”

“मला वाटलं, बोलाल,” धाकटी पुन्हा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. थोरलीला ते रडू खोटं वाटलं नाही. म्हणूनच ते तिला सहन होईना. दोघींच्या हट्टात मधल्यामध्ये एक माणूस, ज्याने आयुष्यात कोणाचं वाकडं केलं नव्हतं, चमचा हातात धरून कुडकुडत बसला होता, आणि त्याला वाचवायला दोघींपैकी कोणाचंही एक वाक्य पुरलं असतं.

दारावर टकटक झाली. सर आत आले. ओट्यावरच्या प्लेटा त्यांना लगेच दिसल्या. त्यांनी दोन्ही हातांत धरून त्या उजेडाकडे नेल्या, एकदा ही, एकदा ती, आणि त्यांचा चेहरा उजळला. मग प्रसंग आठवून त्यांनी तो सारखा केला.

“म्हणजे हिचा निकाल खरा ठरला,” ते म्हणाले. “ट्यूबेत होतं तेच माणसात झालं. तुमचं काय मत?”

थोरलीने धाकटीकडे पाहिलं नाही.

“खरा आहे,” ती म्हणाली.

“हे फार मोठं काम आहे,” सर म्हणाले. “लेख छापून येईल तेव्हा दोघींचीही नावं घालू. तुमची नेमणूकही मग अडायची नाही. अर्थात, तुमची हरकत नसेल तर.”

धाकटीने डोळे पुसले आणि ती थोरलीकडे बघत राहिली. खाद्याचं भांडं थंड होत होतं. आणखी थोड्या वेळाने खाद्य थिजलं असतं आणि ओतता आलं नसतं.

“हरकत नाही,” थोरली म्हणाली, आणि धाकटीच्या हातातून भांडं घेऊन तिने उरलेल्या प्लेटा ओतायला घेतल्या.